आत्याच्या फोटोतला बांध

माझं माहेर माकणीजवळचं आणि सासर नळदुर्गचं. हायवेला लागून आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नांचे फोटो काढतो आणि मी दुकानात बसून ते नीट करते. मिटलेले डोळे उघडते, ढेऱ्या आत घेते, नवरीच्या मागं उभं राहून दात कोरणारा पाहुणा काढून टाकते. कुणी 'जरा गोरं करा' म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण करते. एवढं करूनही गिऱ्हाईक फोटो हातात घेतं आणि म्हणतं, 'बाकी चांगलंय, पण...' त्या 'पण'ची मला पंधरा वर्षांत सवय झाली आहे.

तरी एका फोटोनं मला जेवढं छळलं तेवढं कुठल्याच गिऱ्हाइकानं छळलं नाही. तो फोटो आमच्या घरचाच होता, आणि त्यात दुरुस्त्या सुचवणारी माणसं तीनच होती. माझी आत्या, माझे वडील आणि माझे काका.

आत्या सगळ्यांत थोरली, ढोकीला दिलेली. तिच्या पाठचे माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो. काका शेंडेफळ. आबा आणि काका एकाच अंगणात, समोरासमोरच्या दोन घरांत राहतात आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण बांध. वाटणी झाली तेव्हा दोघांच्या रानांमध्ये एक बांध आला, आणि दर साली नांगरट झाली की तो थोडा सरकलेला असतो. आबा म्हणतात काकांनी कोरला, काका म्हणतात आबांनी. मोजणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा दोघांनाही पटली नाही. त्या दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. बांध आता इतका बारीक झालाय की त्यावरून शेळी चालली तरी कुणाच्या ना कुणाच्या रानात पडते.

अंगण मात्र वाटलेलं नाही. मधोमध लिंबाचं झाड आहे, ते कुणाकडं जाणार यावरून घोडं अडलं, ते अडलंच. आम्हा लेकीबाळींना यातलं काही लागू नाही. माहेरी आलेली लेक दोन्ही घरी जेवते. मी पहिला चहा आईकडं घेते आणि दुसरा काकूकडं, आणि दोन्हीकडं 'तिकडं साखर किती घालतात' ही चौकशी होते. आत्याचा हिशेब त्याहून काटेकोर. ती नागपंचमीला चार दिवस येते, दोन दिवस इकडं, दोन दिवस तिकडं. कितीही आग्रह झाला तरी ती कधी पाचवा दिवस राहिली नाही, कारण तो कुणाचा हे ठरवता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या नातवाचं लग्न झालं. तिचं माहेर म्हणून दोन्ही भावांना जाणं भागच होतं. फोटो काढायला माझाच नवरा. त्यानं आत्याला खुर्चीवर मधोमध बसवलं आणि 'माहेरची माणसं या' म्हणून आरोळी ठोकली. आबा एका टोकाला उभे राहिले, काका दुसऱ्या टोकाला, आणि मधे आम्ही अकरा जण. फोटोत आबा जेवणाच्या पंगतीकडं बघतायत आणि काका गाड्या लावल्या होत्या तिकडं. अकरा वर्षांत दोघं एका फोटोत आले तो हा एकच फोटो.

जूनमध्ये आत्याचे डोळे सोलापूरला दाखवले. साखरेनं डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत जाताना वाट वाकडी करून आत्या दुकानात आली. पाणी प्यायली, आमच्या नव्या काउंटरचं कौतुक केलं, आणि मग म्हणाली, "दिसतंय तवर बगून घ्यावं म्हणते. माझा आन माझ्या दोन्ही भावाचा एक फोटू करून दे. मोठा. भिताडाला लावायला. त्यात दुसरं कुणी नको. तू बी नको."

"आत्या, दोघांना तुमच्या शेजारी उभं करूनच काढू की," मी म्हटलं.

"म्या इचारलं दोघास्नी. थोरला म्हनला, त्याला आधी हद्दीचा दगड मागं घ्यायला सांग. धाकटा बी तेच म्हनला. तू कम्प्युटरवर करतीस न्हवं, तसं कर."

मला वाईट वाटलं आणि संतापही आला. हिची नजर चाललीय आणि ह्यांचा दगड हलत नाही. पण आत्यापुढं संताप करून उपयोग नव्हता. मी म्हटलं, पंचमीला फोटो तुमच्या हातात देते. पंचमीला तेव्हा दीड-दोन महिने होते. एका फोटोला दीड महिना म्हणजे फार झाला, असं मला वाटलं होतं.

त्या लग्नातल्या फोटोतून मी अकरा माणसं पुसली. स्वतःला पुसायला सात मिनिटं लागली, माझ्या साडीचा काठ जरा किचकट होता. मग आबांना डावीकडून उचललं, काकांना उजवीकडून, आणि दोघांना आत्याच्या खुर्चीशी आणून ठेवलं. आत्याच्या मुलानं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याची प्रत काढून आत्याला दिली. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला.

आत्या कुणाला नावं ठेवत नाही. कुणाच्या घरी आमटी खारट झाली तर ती आधी भाकरीचं कौतुक करते, मग कोथिंबिरीचं, आणि मग म्हणते, भांडं जरा मोठं घेत जा. फोटोचंही तसंच झालं. "लई बेस झालाय बग. माझी साडी तर लईच बेस. खुर्ची बी नवी दिसायली." मग म्हणाली, "फकस्त ते दोघं कुठं बगायलेत गं? एक तिकडं, एक तिकडं. मला वळकत न्हायत व्हय?"

तिचं बरोबर होतं. अकरा माणसं मधे होती तेव्हा ते बाहेर बघणं खपून जात होतं. आता आत्या मधे बसलेली आणि दोघं दोन दिशांना मान वळवून एस्टीची वाट बघत असल्यासारखे दिसत होते. मी दोघांचे जुने फोटो काढले. आबांचा समोर बघणारा एकच चेहरा सापडला, नव्या कालवडीबरोबरचा. काकांचा सापडला ट्रॅक्टरच्या पूजेतला, कपाळावर कुंकू आणि भलंमोठं हसू. मी अंगं लग्नातली ठेवली आणि मुंडकी बदलली. काकांचं कुंकू पुसलं. पुसताना उगीच अपराधी वाटलं, पण लग्नात बाकी कुणाला टिळा नव्हता. दुसरा फोटो तयार झाला, तोही ग्रुपवर गेला.

त्या ग्रुपवर आबाही आहेत आणि काकाही. बोलत नसले तरी एकाचं सुप्रभात आलं की दुसऱ्याचं दोन मिनिटांत येतं. फोटो पाहून दोघांनीही ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. दोघांनी मला वेगवेगळे फोन केले.

काका म्हणाले, "पोरी, तू मला सरकावलंस."

"दोघांनाही सरकवलंय काका."

"न्हाय. तुझा बाप हुता तितंच हाय. सरकलो म्या. आन सरकून बी त्याच्यापरीस लांबच ठिवलंस."

तासाभरानं आबांचा फोन. ते म्हणाले, "तो माझ्यापेक्षा उंच कसा काय दिसायला? आन खुर्चीच्या पाठीवर त्याचा सदरा आलाय. निम्मी खुर्ची त्यानंच धरली."

रविवारी मी गावी गेले, म्हटलं समोरासमोर दाखवावं. आबा ओसरीत बसले होते. समोर फोटोची प्रत, कानावर पेन्सिल, आणि माझ्या भाचीच्या कंपासपेटीतली पट्टी. त्यांनी मला खुर्चीच्या मधोमध मारलेली एक उभी रेघ दाखवली. इकडं आबा, तिकडं काका. रेघेपासून आबांचा खांदा सव्वा बोट, काकांचा एक बोट. "बग," ते म्हणाले, "पाव बोट आत आलाय."

मी अंगण ओलांडून काकांकडं गेले. त्यांच्याकडं पट्टी नव्हती, टेप होती. शिवाय त्यांनी लग्नातला मूळ फोटो जपून ठेवला होता आणि त्याला ते जुना नकाशा म्हणत होते. जुन्या नकाशात आत्यापासून आबांपर्यंत पाच माणसं, काकांपर्यंत सहा. म्हणजे मुळातच त्यांच्यावर एका माणसाचा अन्याय झालेला. "मूळचा अन्याय तसाच ठिवून तू नवी मोजणी केलीस," ते म्हणाले. "त्यो एक मानूस आधी काढ."

"तो माणूस मीच होते काका. मी मला काढलंय."

"मग तुझी जागा कुणाच्या वाट्याला गेली, ते सांग."

मी नळदुर्गला परत आले आणि दोन्ही खांदे रेघेपासून सव्वा-सव्वा बोटावर आणले. पडद्यावर फोटो मोठा करून पिक्सेलची टिंबं मोजली. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांची टिंबं मोजली. सव्वा बोट झालं तेव्हा काकांच्या लक्षात आलं की मूळ फोटोत खुर्चीच्या मागं मंगल कार्यालयाची एक कुंडी होती, प्लॅस्टिकच्या फुलांची. ती मी पुसली होती. काका म्हणाले, ती कुंडी मधोमध ठेव, म्हणजे हद्द कायम राहील, पुन्हा कुणी सरकायला नको. आबा म्हणाले, कुंडी नको, कुंडीच्या नावाखाली तो पुढं येतो. दोन आठवडे ती कुंडी फोटोत आली आणि गेली. शेवटी मी कुंडी आत्याच्या बरोब्बर मागं, कुणाकडं एक पानही जास्त जाणार नाही अशी ठेवली आणि आत्याला पाठवली.

"लई बेस," आत्या म्हणाली. "दोघं माझ्याकडं बगायलेत, लई बरं वाटलं. झाड बी छान हाय. फकस्त ते माझ्या डोस्क्यातनं उगवलंय."

कुंडी गेली. आबांनी विजय झाल्यासारखा चहा पाजला. काकांनी मग हसण्याचा विषय काढला. विषय खरं तर आबांनी काढला होता, पण काकांनी तो वाढवला. आबांचं म्हणणं, धाकटा फोटोत दात काढून हसतोय, बांध जिंकल्यासारखा. मी काकांचे ओठ थोडे मिटवले. लगेच काकांचा फोन. "माझं हसू कमी करायला त्यानं सांगितलं व्हय?" मी म्हटलं, नाही, मला तसं बरं वाटलं. "खोटं बोलू नगस. माझ्या तोंडात त्याचा काय संबंध?"

त्यावर मी एक तोडगा काढला. दोघांना सारखे दात दाखवायचे. मोजून चार. काकांचे सहा दिसत होते, त्यातले दोन ओठाआड घातले. आबांचे कालवडीच्या फोटोत दोनच दिसत होते, आणखी दोन मी बनवले. बनवताना काकांचेच उसने घेतले. दोघांची ठेवण एकच आहे, कुणाला कळलं नाही. आबा तो फोटो बघून म्हणाले, "माझे दात एवढे चांगले हायत?" मी हो म्हटलं. सख्ख्या भावाचा दात तोंडात घेऊन हा माणूस खूश होता, आणि मला ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता तुला विश्रांतीची गरज आहे.

उंची सारखी केली. सदऱ्यांचा पांढरेपणा सारखा केला. एकाच्या टोपीची घडी कडक आणि दुसऱ्याची मऊ होती, ती दोन्ही मध्यम केली. श्रावण तोंडावर आला. दुकानात सप्त्याचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर यांची गर्दी, आणि मी दोन म्हाताऱ्यांच्या टोप्यांच्या घड्या घालत बसलेली. एक दिवस इतका राग आला की मी दोघांनाही फोटोतून काढून टाकलं. खुर्चीत एकटी आत्या राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयाची निळी भिंत. ते बघून मी केलेलं चटकन मागं फिरवलं आणि दोघांना परत आणलं. मला तेव्हा खरंच भीती वाटली होती.

पंचमीच्या आठ दिवस आधी आत्याचा पुन्हा फोन. तिला आता छोट्या प्रतीवर पोथीचं भिंग धरावं लागत होतं. सगळ्याचं कौतुक करून झालं. मग म्हणाली, "एक सांगू? जमलं तर कर, न्हाय तर ऱ्हाऊ दे. दोघांचा माझ्या खांद्यावर हात ठिवल्यावानी कर की. एवढे जवळ आलेत तर हात खाली कशाला सोडलेत?"

जमलं तर कर, असं आत्या म्हणाली की ते करावंच लागतं.

आबांचा हात मिळाला. त्यांनी खताच्या पोत्यावर डावा हात ठेवला आणि मी मोबाइलवर फोटो काढला. काकांनी साफ नकार दिला. हात हा मुद्दा मोजणीत नव्हता, आधी त्याचा हात खांद्याच्या कुठल्या बाजूला येतो ते कळू दे, मग बघू, असं ते म्हणाले. लग्नाच्या फोटोत त्यांचा उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलाखाली होता, म्हणजे तिथूनही घेता येईना. दिवस राहिले होते पाच. मी नवऱ्याला पांढरा सदरा घालायला लावला, घड्याळ काढायला लावलं, आणि दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा उजवा हात ठेवून फोटो घेतला. रंग जरा रापलेला केला, शिरा थोड्या वर काढल्या. हात असा बसला की माझं मलाच कौतुक वाटलं.

दोघांची मंजुरी लेखी घ्यायचं मी ठरवलं, कारण माझा आता कुणावर विश्वास उरला नव्हता. फोटोच्या मागं सही करा म्हटलं. आबा म्हणाले, आधी त्यानं करावी. काका म्हणाले, थोरला आधी. मी दोन प्रती काढल्या आणि दोघांनी आपापल्या घरात, आपापल्या प्रतीमागं 'पाहिले, मान्य' असं लिहून सही केली. काकांनी तिथंही टेप लावून बघितली. हाताकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. ते खांद्यांमधलं अंतर मोजत होते.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी काच लावलेली मोठी फ्रेम चादरीत गुंडाळून माहेरी नेली. आत्या आली होती. तिचे पहिले दोन दिवस आमच्याकडचे होते. ओसरीच्या उजेडात मी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि चादर काढली. आत्यानं पिशवीतून भिंग काढलं आणि खाली बसली.

आधी तिनं आबांचं तोंड बघितलं. मग स्वतःचं. मग काकांचं. तिघांवरून भिंग फिरलं आणि ती हसली. "चांगले दिसायलेत गं माझे भाऊ." मग भिंग खांद्यांवर आलं. आबांच्या हातावर थांबलं, पुढं गेलं, काकांच्या हातावर थांबलं. तिथून ते हलेना.

"ह्यो कुणाचा हात हाय?"

"काकांचा," मी म्हटलं.

आत्यानं भिंग खाली ठेवलं. "ह्याला पाचीच्या पाची बोटं हायत," ती म्हणाली.

काकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. लहानपणी कडबाकुट्टीत गेलं. ते तो हात कायम टॉवेलाखाली नाहीतर मूठ वळून ठेवतात, आणि मी जन्मापासून त्यांच्या समोर वाढलेली असल्यानं ते बोट मला आठवेनासंच झालं होतं. दीड महिना मी त्या माणसाची टिंबं मोजली, दात मोजले, आणि बोटं मोजायची विसरले. टेप लावणारे काकाही विसरले.

"चाक म्या फिरवायले हुते," आत्या म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. "त्यो पेंढी सारायला. आठ वर्साचा आसंल. माझ्या लग्नाच्या आदल्या सालची गोष्ट. पदरात हात गुंडाळला आन तसंच उचलून पळाले दवाखान्यात. बोटाचं एवढं काय न्हाय म्हनायचे समदे, हात वाचला म्हनायचे. पर चाक म्याच फिरवायले हुते न्हवं." तिनं पुन्हा भिंग उचललं आणि फ्रेम बघितली. "बाकी समदं लई बेस हाय. काच बी भारी लावलीस. त्यो हात तेवढा बदल. ह्यो हात मला नगं."

मी तशीच उठून अंगण ओलांडलं आणि काकांना खरं ते सांगितलं. मला वाटलं आता कडाडतील. पण त्यांना वेगळ्याच गोष्टीचा राग आला.

"माझ्या जागेत जावयाचा हात?" ते म्हणाले. "माझी सही घिऊन दुसऱ्याचा कब्जा?"

"तुम्ही हात दिला नाही म्हणून काका."

"आता देतो. काढ फोटू. पर त्याच्या ओसरीत येनार न्हाय."

लिंबाखाली ठरलं, कारण ते कुणाचंच नव्हतं. झोक्याचा दोर पंचमीसाठी बांधून झाला होता, तो मी फांदीवर गुंडाळून वर टाकला आणि खाली खुर्ची ठेवली. आत्या येऊन बसली. मी ओसरीत जाऊन आबांना म्हटलं, काकांच्या हाताचा नवा फोटो काढायचाय. आबांनी पट्टी खाली ठेवली.

"त्याचा हात ताजा आन माझा पोत्यावरचा शिळा? मग माझा बी नवा काढ."

मला तर तेच हवं होतं. तरी वर म्हटलं, दोन्ही हात एकाच उजेडात घेतलेले बरे, नाहीतर चिकटवल्यासारखे दिसतात. हे खोटं होतं, चिकटवल्यासारखं न दिसू देणं हेच माझं काम आहे.

आबा खुर्चीच्या एका बाजूला येऊन उभे राहिले, काका दुसऱ्या. काकू त्यांच्या दारात, आई आमच्या दारात. दोघींच्या हातात लाटणी होती. काका मला म्हणाले, "तोंडं मंजूर झालीत. फकस्त हात काढायचा." आबांनी मान डोलावली. आणि मग दोघांनी आपापला हात आत्याच्या खांद्यावर ठेवला आणि तोंडं बाहेर वळवली. आबा आमच्या गोठ्याकडं बघायला लागले, काका त्यांच्या ट्रॅक्टरकडं. लग्नात उभे होते अगदी तसेच. फक्त मधली अकरा माणसं नव्हती.

मी मोबाइल धरला. काकांनी मूठ उघडली नव्हती. आत्यानं मान वळवून, डोळे बारीक करून खांद्यावरची ती मूठ बघितली. मग आपला हात वर नेला आणि एक-एक करून त्या मुठीची बोटं सरळ केली. अर्ध्या बोटाशी आली तेव्हा ते तिनं चिमटीत धरलं आणि धरूनच ठेवलं. काकांची मान बाहेरच होती, पण हात त्यांनी ओढून घेतला नाही.

"त्याला सांग, हलू नगस म्हनावं," आबा गोठ्याकडं बघत मला म्हणाले. "पुन्ना काढावा लागंल."

"त्याला सांग, म्या हलत न्हाय," काका ट्रॅक्टरकडं बघत मला म्हणाले.

मी फोटो काढला. तो चांगला आला. दोन्ही हात स्वच्छ, बोटं मोजून नऊ आणि एक अर्धं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. दोघांचे हात तसेच होते. आत्याचा एक हात काकांच्या बोटावर होता, दुसरा वर जाऊन आबांच्या हातावर बसला होता, आणि तिनं डोळे मिटून घेतले होते.

"निगाला का गं?" डोळे न उघडता तिनं विचारलं.

मी मोबाइल तसाच डोळ्यांपुढं धरून ठेवला.

"नाही आत्या," मी म्हटलं. "अजून नाही निघाला. कुणी हलू नका."